पेजवर गर्दी, तरी लोक नाराज का? नव्या नगरसेविकेच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मला असा समजला. नगरपरिषदेत तुम्ही पहिल्यांदाच निवडून आलात. फेसबुक आणि इन्स्टाग्राम भाचा सांभाळतो, प्रभागाचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत, लाइकही भरपूर येतात. पण दारात येणारा माणूस म्हणतो, "फेसबुकवर रोज दिसता, आमच्या नळाचं काय झालं?" एक एजन्सी दरमहा ठरावीक रील आणि पोस्टचं पॅकेज देऊ करतेय. ते घ्यावं का आणि नेमक्या कोणत्या माध्यमावर जोर द्यावा, हे तुम्हाला हवंय.

आमदार, नगराध्यक्ष, नगरसेवक यांच्या कार्यालयांत मी बरीच वर्षं हेच काम करतोय. एजन्सीचा प्रश्न मी शेवटी घेतो, कारण दुखणं तिथे नाही. तुमच्या पेजवर लोक बोलतायत आणि त्यांचं बोलणं कुठेच नोंदवलं जात नाही, हे खरं दुखणं आहे. नळाबद्दलची कॉमेंट भाच्याच्या मोबाइलवर येते, तो तिला हात जोडलेला इमोजी देतो आणि विषय तिथेच संपतो. लिहिणाऱ्याला वाटतं, ताईंच्या कानावर घातलं. तुमच्यापर्यंत ते पोचलेलंच नसतं. आठ दिवसांनी तोच माणूस तुमची सत्काराची पोस्ट बघतो आणि समजतो, की ताईंनी वाचून दुर्लक्ष केलं. पेज नसतं तर तो इतका चिडला नसता. पेजमुळे त्याची अपेक्षा वाढली, पण ती पुरी करणारी व्यवस्था पेजमागे उभी राहिली नाही.

ही व्यवस्था म्हणजे काय, ते एका ठाऊक असलेल्या उदाहरणावरून सांगतो. नोव्हेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१७ या काळात सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते. बाळाला दूध मिळत नाही, डब्यात कुणी त्रास देतंय, असं प्रवासी धावत्या गाडीतून ट्विटरवर लिहायचे आणि पुढच्या स्थानकावर रेल्वेची माणसं हजर व्हायची. बातम्या मंत्र्यांच्या नावाने आल्या, आणि ते श्रेय त्यांचं होतंच. पण आमच्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट बातमीत खाली राहायची. ट्वीट वाचणारा कक्ष होता. गाडी त्या घडीला कोणत्या विभागातून जातेय हे पाहून तक्रार त्या विभागाकडे ढकलली जायची. तिथल्या अधिकाऱ्याला कळलेलं असायचं, की हे वरून पाहिलं जातंय. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशात अडकलेल्यांना ट्विटरवरून मदत मिळायची, तीसुद्धा अशीच. त्यांच्या एका उत्तरामागे त्या त्या देशातला दूतावास कामाला लागायचा, आणि २०१५ पासून मंत्रालयाचं 'मदद' हे तक्रार पोर्टलही होतं. आपल्याकडे अनेक नेत्यांनी यातला फक्त दिसणारा भाग उचलला. उत्तर देणारं खातं सुरू केलं, पण उत्तरामागची साखळी बांधली नाही.

आता तुमची परिस्थिती मंत्र्यासारखी नाही, हे मान्य करूनच पुढे जाऊ. नगरपरिषदेत अंमलबजावणीचे अधिकार मुख्याधिकाऱ्यांकडे असतात. तुम्ही सभेत प्रश्न मांडू शकता, समितीत आग्रह धरू शकता, पाठपुरावा करू शकता. व्हॉल्व उघडण्याचा आदेश तुमच्या सहीने निघत नाही. त्यात तुम्ही सत्तेच्या बाजूला आहात की विरोधात, मुख्याधिकारी फोन उचलणारे आहेत की नाहीत, प्रभागातला दुसरा सदस्य कोणत्या पक्षाचा आहे, यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून "चोवीस तासांत तक्रार सोडवू" अशी घोषणा पेजवर कधीही करू नका. "दोन दिवसांत उत्तर देऊ" असं म्हणा. उत्तर देणं तुमच्या हातात आहे, सोडवणं दर वेळी नसतं.

त्यासाठी एक नोंदवही लागते. मोबाइलवरची शीट चालेल, शंभर पानी वहीसुद्धा चालेल. तारीख, नाव, गल्ली, तक्रार, कोणत्या खात्याची, कुणाशी बोललो, पुढे काय झालं, आणि लोकांना कधी कळवलं, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना सगळे विसरतात आणि सगळी नाराजी त्या एका रिकाम्या रकान्यातून येते. काम झालेलं असतं, पण तक्रार करणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं. मी जिथे जिथे ही वही सुरू केली तिथे पहिल्या महिन्यात हेच दिसलं: पथदिवा लागलेला होता, गटार उपसलेलं होतं, आणि कॉमेंटखाली मात्र अजून शिव्याच चालू होत्या.

रोज सकाळी आणि संध्याकाळी एकेकदा भाच्याने सगळ्या कॉमेंट, मेसेंजर आणि ग्रुपमधले निरोप या वहीत उतरवायचे. उत्तर देताना "पाहतो", "लवकरच" आणि हात जोडलेला इमोजी, हे तिन्ही बंद. त्याऐवजी असं लिहा: "नोंद घेतली. पाणीपुरवठा विभागाशी आज दुपारी बोलते, परवा संध्याकाळपर्यंत इथेच कळवते." आणि परवा संध्याकाळी कळवाच, काहीच घडलं नसलं तरी. "आज विभागाकडून उत्तर आलं नाही, सोमवारी लेखी पत्र देतेय," हेसुद्धा उत्तर आहे.

लेखी पत्राचं महत्त्व फार आहे. तोंडी सांगितलेलं कार्यालयात विरून जातं. लेटरहेडवर मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने दोन ओळींचं पत्र द्या, आवक-जावक टेबलावर शिक्का आणि क्रमांक घ्या, आणि त्या पोचेचा फोटो तक्रारीच्या कॉमेंटखाली टाका. तक्रारदाराचा फोन नंबर आणि घर क्रमांक झाकून. या एका फोटोने दोन कामं होतात. नागरिकाला दिसतं, की आपलं बोलणं कागदावर गेलं. आणि कार्यालयालाही कळतं, की हा आवक क्रमांक आता गावाला माहीत आहे. यात अधिकाऱ्यांना बदनाम करण्याचा हेतू ठेवू नका. काम झालं की त्याच जागी, खात्याचं नाव घेऊन, आभारही माना. मी पाहिलंय, की जाहीर आभार मानणाऱ्या नगरसेवकाचा फोन पुढच्या वेळी लवकर उचलला जातो.

तक्रार तुमच्या आवाक्याबाहेरची असेल तर माणसाला योग्य दार दाखवा. राज्य सरकारचं 'आपले सरकार' हे तक्रार निवारण पोर्टल २६ जानेवारी २०१५ पासून आहे. वयस्कर माणसाला तिथे तक्रार नोंदवायला तुमच्या कार्यालयातल्या मुलाने दहा मिनिटं मदत केली, तर ती दहा रीलपेक्षा जास्त लक्षात राहते.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे "नाही" म्हणणं. नेते कॉमेंटमध्ये नाही म्हणायला घाबरतात, म्हणून गप्प राहतात किंवा गोड बोलतात. लहान शहरांत नेहमी येणारा एक विषय घ्या: नव्या प्लॉटिंगमधला रस्ता. लेआउट मंजूर नाही, रस्ता नगरपरिषदेकडे हस्तांतरित झालेला नाही, त्यामुळे त्यावर नगरपरिषदेला खर्च टाकता येत नाही. लोक मात्र कर भरतो म्हणून चिडलेले असतात, आणि त्यांचं चिडणं खोटं नसतं. मराठवाड्यातल्या एका शहरात हा प्रश्न महिनोन्‌महिने प्रत्येक पोस्टखाली यायचा, मग ती पोस्ट दिवाळीच्या शुभेच्छांची का असेना. शेवटी त्या नगरसेवकांना मी आग्रह केला, की त्या रस्त्यावर उभे राहून तीन मिनिटांचा साधा व्हिडिओ करा. रस्ता कुणाच्या नावावर आहे, हस्तांतरणाला कोणते कागद लागतात, ते कुणी द्यायचे, आणि तोवर मुरूम टाकायला वर्गणी किंवा दुसरा निधी मिळतो का, हे सगळं त्यांनी खरंखरं सांगितलं. दोन दिवस लोक तुटून पडले. नंतर त्याच वसाहतीतले काही जण कागद घेऊन कार्यालयात आले. रस्ता लगेच झाला नाही, पण बोलणं भांडणातून कामावर आलं. मी हे अनेक ठिकाणी अनुभवलंय: कारणासकट दिलेला नकार लोक पचवतात, मौन पचवत नाहीत.

आता माध्यमांकडे येऊ.

तुमच्या आकाराच्या गावात पहिला क्रमांक व्हॉट्सॲपचा, याबद्दल मला शंका नाही. आणि तिथला सर्वाधिक वाचला जाणारा निरोप कोणता, तर पाण्याचा. "उद्या सकाळी ६ वाजता अमुक गल्लीला पाणी, दुरुस्तीमुळे तमुक गल्लीला परवा." जिथे चार-आठ दिवसांनी पाणी येतं तिथे या एका ओळीवर बाईच्या अख्ख्या दिवसाचं गणित बसलेलं असतं: कामावर कधी जायचं, धुणं कधी काढायचं, सासूबाईंना दवाखान्यात कधी न्यायचं. व्हॉल्वमन आणि पाणीपुरवठा विभागाकडून वेळापत्रक घेऊन ते रोज ठरलेल्या वेळेला टाका. वेळ बदलली तर लगेच बदल कळवा. त्या निरोपावर तुमचा फोटो नको, पक्षाचं चिन्ह नको. महिनाभरात लोक तुमचा निरोप शोधत येतील, आणि मग लसीकरणाची तारीख, करसवलतीची मुदत, जन्म-मृत्यू दाखल्याचं शिबिर, हे सगळं त्याच वाटेने पोचवता येईल.

तांत्रिक बाजू थोडक्यात. ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, पण प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. त्यामुळे अनेक बायका ग्रुपमध्ये येत नाहीत किंवा नवऱ्याचा नंबर देतात. २०२३ पासून व्हॉट्सॲप चॅनेल आहे. त्यात सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. सूचनांसाठी चॅनेल ठेवा आणि तक्रारींसाठी एकच वेगळा नंबर द्या. ब्रॉडकास्ट लिस्टवर विसंबू नका, कारण ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो निरोप जातो. जुने ग्रुप चालू ठेवायचे असतील तर फक्त ॲडमिननेच लिहायचं, अशी सोय करून घ्या. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणी जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. पण तो कायद्यापुरता दिलासा. गावात ग्रुप तुमच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात जे फिरतं त्याचं उत्तर लोक तुम्हालाच विचारणार.

इथे मी जरा कळवळून सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. मर्यादा चांगली आहे, पण अफवा थांबवायला गावात ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस वेळेवर बोलावा लागतो. पाण्याचा निरोप रोज खरा निघाला असेल, तर अशा रात्री तुमचं "मी आत्ताच पोलीस ठाण्याशी बोलले, असं काहीही घडलेलं नाही" हे वाक्य लोक मानतील. पाठवण्याआधी पोलिसांशी खरोखर बोला. आणि अफवेचा मूळ व्हिडिओ, त्यावर "खोटं" असं लिहूनसुद्धा, पुढे पाठवू नका; ते अक्षर कापून व्हिडिओ पुन्हा फिरतो. तुमच्याच आवाजातला अर्ध्या मिनिटाचा ऑडिओ टाका.

फेसबुकवर तुमच्या गावातली कमावती, कुटुंब चालवणारी माणसं आहेत. सविस्तर सांगायचं ते तिथे. इन्स्टाग्रामवर कॉलेजची मुलं, त्यांना भरतीची माहिती, मैदान, अभ्यासिका, बसची वेळ हवी असते. एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर, गावासाठी फारसं उपयोगाचं नाही, पण वर पोचायला आहे. महावितरण, एसटी, सार्वजनिक बांधकाम विभाग, पालकमंत्री आणि जिल्ह्याचे पत्रकार तिथे असतात. पथदिवे नगरपरिषदेचे, पण वाकलेला खांब महावितरणचा, असे विषय तिथे पत्राच्या पोचेसकट मांडा.

फेसबुक लाइव्हबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते करा असं मी सुचवेन. २०२० च्या टाळेबंदीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे फेसबुक लाइव्हवरून राज्याशी बोलायचे. घरातल्या माणसाने समजावून सांगावं तशी साधी भाषा आणि संथ सूर, यामुळे भेदरलेल्या लोकांना आधार वाटला. विरोधकांनी त्यावर "फेसबुक लाइव्हचं सरकार" अशी टीकाही केली, आणि संवाद एकतर्फी होता हे खरं आहे. राज्यभर एकच सूचना पोचवायची असते तेव्हा एकतर्फी बोलणं समजू शकतं. प्रभागात मात्र ते चालत नाही, तिथे प्रश्न घ्यावेच लागतात. माझी सूचना अशी, की सर्वसाधारण सभा झाली की दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला लाइव्ह या. सभेपुढे कोणते विषय होते, तुमच्या प्रभागाशी संबंधित कोणते, तुम्ही कशाच्या बाजूने आणि कशाच्या विरोधात मत दिलंत आणि का, हे विषयपत्रिका हातात धरून सांगा. लोकांनी तुम्हाला निवडून दिलं ते त्या सभागृहात बसायला, आणि आत काय झालं हे त्यांना सहसा कळतच नाही. पहिल्या वेळी वीस जण बघतील. तरी सोडू नका.

एक नाजूक गोष्ट. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत ५० टक्के जागा महिलांसाठी राखीव आहेत, पण अनेक नगरसेविकांची खाती नवरा, दीर किंवा भाचा त्यांच्या नावाने चालवतो आणि "मी" म्हणून तोच लिहितो. लोकांना ते वाचताक्षणी कळतं. भाच्याला टाइप करू द्या, पण शब्द तुमचे असू द्या. स्वयंपाक करताना, प्रवासात, दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज त्याला पाठवा आणि त्याने तो जसाच्या तसा उतरवावा. तुमच्या बोलण्यातला गावरान शब्द त्याने "शुद्ध" करू नये.

बाईचं खातं म्हटलं की घाण कॉमेंटही येणार. नको ते शब्द आपोआप झाकण्याची सोय फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हींत आहे, ती आजच लावून घ्या. धमकी किंवा अश्लील मजकूर असेल तर उडवण्याआधी लिंक आणि वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार द्या. यात संकोच करू नका. टीका मात्र राहू द्या, कडवट असली तरी. अमेरिकेत मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन शहराच्या व्यवस्थापकाने फेसबुकवर टीका करणाऱ्या एका नागरिकाला ब्लॉक केलं, आणि तो वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. मार्च २०२४ च्या निकालात न्यायालयाने निकष घालून दिला: अधिकाऱ्याला सरकारच्या वतीने बोलण्याचा खरोखर अधिकार होता का, आणि त्या पोस्टमध्ये तो अधिकार वापरतोय असं दिसत होतं का. खासगी आणि सरकारी मजकूर एकाच पेजवर मिसळला की अडचण वाढते, हेही त्यांनी नोंदवलं. तो निकाल आपल्याला लागू नाही, पण सल्ला उपयोगाचा आहे. नातवंडांचे फोटो आणि घरचं लग्न वेगळ्या खात्यावर, नगरसेविकेचं काम वेगळ्या पेजवर.

मदत दिल्याचे फोटोही जपून टाका. वैद्यकीय मदत मिळालेल्या माणसाचा चेहरा, आजार आणि कागदपत्रं पेजवर आलेली मी पाहिली आहेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण कायदा नसता तरी हे करायला नको होतं. लोक अडचणीत तुमच्याकडे येतात ते अब्रू झाकली जाईल या भरवशावर.

आता एजन्सी. पॅकेजमध्ये सण, जयंत्या, वाढदिवस आणि संगीत लावलेले दौऱ्याचे रील मिळतील. त्यात वाईट काही नाही, आणि गावात कुणाच्या दुःखाला किंवा सणाला दोन शब्द लिहिणं हा संबंधांचा भाग आहे. पण आज तुमच्याकडे तेच जास्त आहे आणि उत्तरं कमी. म्हणून सध्या पॅकेज घेऊ नका. त्याच पैशात गावातल्या एखाद्या पदवीधर मुलीला अर्धवेळ ठेवा. तिने वही सांभाळावी, लोकांना फोन करून कळवावं, कार्यालयातून पोच आणावी. व्हिडिओ कापायला माणूस लागला तर कामापुरता घ्या.

कधी पुढे एजन्सी घेतलीत तर पेजची मालकी तुमच्या खात्यावर ठेवा आणि दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत दुसरा कोड मागणारी सोय) चालू करा. पैसे देऊन पोस्ट बूस्ट करत असाल तर हे माहीत असू द्या, की फेसबुक-इन्स्टाग्रामवर राजकीय जाहिरातीला २०१९ पासून भारतात ओळख पडताळणी लागते, खर्च कुणी केला ते नाव दिसतं आणि जाहिरात सार्वजनिक संग्रहात राहते. तिथे एजन्सीचं नाव नको, तुमचं हवं. निवडणुकीच्या काळात सोशल मीडियाचा खर्च उमेदवाराच्या खर्चात धरला जातो; लोकसभा-विधानसभेसाठी केंद्रीय निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच तशा सूचना दिल्या. नगरपरिषदेसाठी राज्य निवडणूक आयोगाचे आदेश असतात, ते त्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून लेखी घ्या.

सुरुवात येत्या सोमवारपासून करता येईल. आधी भाच्याला मागच्या तीन महिन्यांच्या सगळ्या कॉमेंट वहीत उतरवायला सांगा. जी कामं झालीत तिथे "झालं" असं कळवा, जी राहिलीत तिथे पत्र द्या, जी होणारच नाहीत तिथे कारण लिहा. हे पुरं होईपर्यंत नवी शुभेच्छा पोस्ट टाकली नाही तरी चालेल. तुमच्या प्रभागात पाणी किती दिवसांनी येतं आणि मुख्याधिकारी पत्रांना लेखी उत्तर देतात का, हे कळवलंत तर वहीचे रकाने आणि पाण्याच्या निरोपाची वेळ कशी ठरवायची, ते नेमकं सांगू शकेन.